चिखलातल्या कामाचा चाकू

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या कोथरूडमध्ये चाकूला किती कामं असतात, हे पौड रस्त्याने नुसतं चालत गेलं तरी कळतं. पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीच्या दारात सिमेंटच्या गोण्या फोडणं चालू असतं. मांडववाले वासे बांधून झाल्यावर काथ्याची लोंबती टोकं छाटत असतात. कुणी गच्चीवरच्या बागेसाठी ठिबकची नळी कापत असतं. महात्मा सोसायटीमागच्या टेकडीवर रोपांच्या काळ्या पिशव्या चिरून रोपं खड्ड्यात उतरवली जात असतात. या प्रत्येक कामात पात्याला माती, चुना, चीक असं काहीतरी लागतंच. स्वयंपाकघरातला चाकू इथे आणू नये. तो परत ओट्यावर जायचा असतो.

अशा कामाला खिशात कोणता चाकू असावा? दुकानात आपण आधी पातं बघतो. चमक, टोक, अंगठ्यावर हलकेच तपासलेली धार. मी टेकडीवर आणि गच्चीत हे काम करत आलो आहे आणि माझं ठाम मत असं आहे की घाणीतल्या कामाचा चाकू सांध्यावरून निवडावा, पात्यावरून नाही. पात्यावरची माती पँटला पुसली तरी जाते. पातं जिथे मुठीत फिरतं त्या खिळ्यापाशी गेलेली माती तिथेच बसते.

रोप लावताना हे कसं घडतं ते पाहा. पिशवी डाव्या हातात आडवी धरायची, पात्याचं टोक वरच्या काठाशी टेकवायचं आणि अंगापासून दूर ओढत बुडापर्यंत एक चीर द्यायची. मग बुडाशी गुंडाळलेली मुळं कापायची. पिशवीतली माती ओली असते आणि तिच्यात रेती असते. टेकडीच्या मुरमात गारगोटीचे कणही सापडतात. गारगोटी चाकूच्या पोलादापेक्षा कठीण, त्यामुळे प्रत्येक चिरेबरोबर धार थोडी झिजते. धार गेल्याचं पहिलं लक्षण प्लास्टिकवर दिसतं. पातं आत शिरायच्या ऐवजी घसरतं आणि पिशवी ताणली जाते. आपण जोर वाढवतो, आणि बोट कापलं जातं ते इथेच. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त धोक्याचा आहे.

त्यानंतर चाकू मिटला की पात्यावरचा चिखल मुठीच्या खाचेत जातो. वाळला की घट्ट होतो. पुढच्या वेळी चाकू उघडताना करकर आवाज येतो. उघडलेलं पातं अडकवून धरणारा खटका चाकूला असेल तर त्याहून वाईट घडू शकतं. खटक्याच्या जागी खडा अडकला की खटका पुरता बसत नाही, आपल्याला मात्र तो बसल्यासारखा वाटतो, आणि जोर दिला की पातं बोटांवर मिटतं. म्हणून दुकानात चाकू उघडून प्रकाशाकडे धरावा. मुठीची पाठ उघडी आहे का? आरपार दिसतं का? नळाखाली धरला तर पाणी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल का? उत्तर हो असेल तर तो चाकू घाणीत नेण्यालायक.

कामगारांनी हा प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवला आहे. प्लंबर, वायरमन यांच्या पिशवीत कित्येकदा हॅकसॉ ब्लेडचा तुटका तुकडा असतो. एक बाजू ग्राइंडरवर घासून तिरकी केलेली, मागच्या भागाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. त्याला सांधाच नाही. वायरचं आवरण सोलायला आणि गोणीची शिलाई उसवायला तो उत्तम. पिळला तर टक्कन मोडतो, पण मोडल्याचं दुःख नाही. उणीव एवढीच की त्याला म्यान नसतं. त्यामुळे तो खिशात ठेवता येत नाही.

दुसरा सर्वत्र दिसणारा पर्याय म्हणजे तुकडे मोडत जायचा कटर. जपानमध्ये ओसाकात 1956 मध्ये ही कल्पना आली. बोथट झालेला तुकडा मोडायचा की नवी धार पुढे येते. खोकी आणि फ्लेक्स कापायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. मातीत मात्र त्याची सरकती खाच रेतीने अडते, आणि मुळं कापताना पातं वाकून भलत्याच जागी तुटतं. तो तुकडा मातीत राहिला तर पुढे कुणाच्या तरी तळपायात जातो.

घडीच्या चाकूंत फ्रान्सचा ओपिनेल मला आवडतो. 1890 पासूनचा हा शेतकऱ्यांचा चाकू. लाकडी मूठ, पातळ पातं, आणि 1955 मध्ये बसवलेलं फिरतं कडं, जे फिरवलं की पातं जागच्या जागी अडकतं. रचना इतकी सोपी की बिघडायला काही नाही. पण मूठ बीच लाकडाची. आपल्या जुलैत ती पाणी पिऊन फुगते आणि पातं बाहेर निघता निघत नाही. कोरड्या दिवसांत गच्चीवरच्या बागेला तो छान, चिखलाला नाही.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे लाल प्लास्टिकच्या मुठीचे चाकू सगळ्यांच्या ओळखीचे. घाणीच्या कामाला मात्र त्यांचेच खरबरीत ॲल्युमिनियम मुठीचे चाकू घ्यावेत. स्विस सैनिकांना 1961 पासून असा चाकू मिळत होता. मूठ ओल्या हातातून सुटत नाही आणि सगळा चाकू नळाखाली धुता येतो. त्याला खटका नाही, नुसत्या स्प्रिंगवर पातं उभं राहतं, म्हणून टोकाने भोसकायचं काम त्याच्याकडून करू नये. आणखी एक काळजी: ओलं सिमेंट ॲल्युमिनियम खातं. गोणी फोडून झाली की मूठ लगेच धुवावी.

सगळ्यांत बिनघोर म्हणजे न मिटणारा, प्लास्टिकच्या म्यानातला चाकू. स्वीडनमधल्या मोरा गावचे असे चाकू प्रसिद्ध आहेत. टेकडीवर दिवसभर काम असेल तर तोच पिशवीत असावा. पण पुण्याच्या रस्त्यावर कमरेला पातं लावून फिरणं शहाणपणाचं नाही. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातून घरगुती, शेतीची व औद्योगिक कामाची हत्यारं वगळली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली सणासुदीला आणि निवडणुकीत जे मनाई आदेश निघतात, त्यांत चाकूसुरे बाळगायलाही बंदी येते. म्हणून छोटं पातं, आणि तेही कामाच्या पिशवीत, कामाच्या इतर सामानाबरोबर. वनाजहून मेट्रो धरायची असेल त्या दिवशी चाकू घरी ठेवावा.

पोलादाचा विचार यानंतर. फार कठीण पोलादाची धार टिकते हे खरं, पण दगडावर आपटली की तिचे टवके उडतात आणि घरच्या दगडावर ती पुन्हा येत नाही. मातीतल्या कामात धार जाणारच आहे. ती चटकन परत आणता येणं जास्त मोलाचं. मध्यम कठीण, न गंजणारं पोलाद घ्यावं. साधं कार्बन पोलाद सुरेख धार घेतं, पण पावसाळ्यात एक रात्र ओलं राहिलं की सकाळी तांबेरा दिसतो.

धार लावायला रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दुहेरी कार्बोरंडम दगड मिळतो. कोन साधायची युक्ती सोपी आहे. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, मग निम्म्यावर आणा, आणि पुन्हा निम्म्यावर. साडेबावीस अंश होतात, आणि राकट कामाला तेवढा जाड कोन योग्य. दगड भिजवून, दोन्ही बाजूंना सारखे हात द्यावेत. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे दिला तर ठिणग्यांवर लक्ष ठेवावं. पात्याची कड तापून निळी पडली की लोहाराने पाजलेलं पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला, आणि मग कितीही घासा, धार टिकणार नाही.

काम संपल्यावरची सवय याहून महत्त्वाची. चाकू उघडाच नळाखाली धरायचा, जुन्या टूथब्रशने सांधा घासायचा, पाणी झटकून उन्हात किंवा पंख्याखाली वाळवायचा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. खोबरेल तेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं. मातीच्या चाकूने बोट कापलं तर जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं. चाकूने डबे उचकटू नयेत, स्क्रू फिरवू नयेत. टोकं मोडतात ती बहुधा याच कामात.

कुणी मला विचारलं तर मी खरबरीत मुठीचा, तळहातात मावणारा, न गंजणाऱ्या पात्याचा घडीचा चाकू घ्यायला सांगतो, आणि त्याच खरेदीत एक दगडही. किंमत अशी असावी की चिखलात घालताना हात आखडू नये. जपून वापरावा लागणारा चाकू कामाच्या वेळी खिशातच राहतो, आणि मग आपण दाताने सुतळी तोडत बसतो.