परदेशातील मुलांची भेट : परतीच्या हेतूचा पुरावा

अमेरिकेतील मुलांना भेटावयास जाणाऱ्या आदिलाबाद जिल्ह्यातील आईवडिलांना व्हिसासाठी सामान्यतः हैदराबाद येथील अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागते. तेथील १९५२ च्या कायद्याचे कलम २१४ (ब) असा अर्जदार कायम वास्तव्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरते. ते खोटे ठरविण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. मुलाचे निमंत्रणपत्र वा मोठा पगार येथे पुरेसा नाही. पट्टादार पासबुक, निवृत्तिवेतनाचे कागद सोबत असावेत. मात्र अधिकारी ते पाहतीलच असे नाही. कापूस वेचणीपूर्वी परतावयाचे असेल, तर तसे सरळ सांगावे. नातवंडासाठी जात असल्यास लपवू नये. असत्य विधानामुळे व्हिसा कायमचा नाकारला जाऊ शकतो. या कलमाखालील नकारावर अपील नाही. नवा अर्ज करता येतो, शुल्क मात्र पुन्हा भरावे लागते.