कंत्राट पाच वर्षांचे, कचरा तीनशे वर्षांचा

गोवंडी-मानखुर्दच्या माणसाला कचरा हा विषय नवा नाही. देवनारचे डम्पिंग १९२७ पासून आपल्या उशाशी आहे. रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीविरुद्ध आपल्याच भागातल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पण तिसऱ्या एका कचऱ्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. तो म्हणजे किरणोत्सारी कचरा.

आपल्या वस्त्यांपासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. २० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. १९७६ साली याच केंद्राच्या जागेसाठी जनता कॉलनी उठवली गेली आणि हजारो कुटुंबे चिता कॅम्पात आली. तिथल्या वडीलधाऱ्या मंडळींना ते दिवस अजून आठवतात. त्यामुळे 'तिथला कचरा जातो कुठे? तो हाताळतो कोण?' असे प्रश्न आम्हाला सभेत, नाक्यावर, विहाराच्या ओट्यावर नेहमी विचारले जातात. काहीजण म्हणतात, सगळीकडे विष पसरले आहे. काहीजण म्हणतात, तो सरकारचा मामला, आपल्याला काय करायचे? दोन्ही बाजूंनी आपलेच नुकसान आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेत आहोत.

हा कचरा म्हणजे नेमके काय?

काही पदार्थ आपोआप किरण बाहेर टाकतात आणि टाकता टाकता कमजोर होत जातात. त्यांची ताकद निम्मी व्हायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. तपासणीसाठी रुग्णाला टोचतात त्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तासांचे. थायरॉइडच्या उपचारातल्या आयोडीन-१३१ चे ८ दिवसांचे. कॅन्सरच्या यंत्रातल्या कोबाल्ट-६० चे सव्वापाच वर्षांचे. अणुभट्टीच्या कचऱ्यातल्या सिझियम-१३७ चे ३० वर्षांचे. दहा अर्धायुष्ये गेली की हजारातला जेमतेम एक भाग उरतो. म्हणजे आयोडीन ८० दिवसांत जवळजवळ संपते, सिझियमला मात्र तीनशे वर्षे लागतात.

एक गैरसमज आधी दूर करू. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो. वीज बंद केली की किरण बंद. एक्स-रे काढलेल्या माणसाच्या अंगात काहीही शिल्लक राहत नाही. तेव्हा टीबीच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला तर या भीतीपोटी तो टाळू नका.

साठवलेल्या कचऱ्याचे पुढे काय करतात?

यासाठी १९८७ चे किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम आहेत. परवानगीशिवाय असा कचरा कोणालाही फेकता, पुरता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. देखरेखीसाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय आपल्या शेजारी, अणुशक्तिनगरात आहे.

कमी तीव्रतेच्या सांडपाण्यातून किरणोत्सारी भाग रसायनांनी वेगळा काढतात आणि उरलेले पाणी मोजून, ठरलेल्या मर्यादेत सोडतात. हातमोजे, कपडे, कागद असा सुका कचरा जाळून किंवा दाबून लहान करतात, सिमेंटमध्ये घट्ट बसवतात आणि काँक्रीटच्या खंदकात ठेवतात. सगळ्यात तीव्र कचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत भरतात आणि ते डबे थंड होण्यासाठी अनेक वर्षे पहाऱ्यात ठेवतात. असे काचेचे कारखाने तारापूरला आणि तुर्भ्यालाही आहेत. या कचऱ्यातून वेगळे काढलेले सिझियम आता रक्तपेढीतल्या रक्तावर किरण सोडणाऱ्या यंत्रांत वापरले जाते. म्हणजे नीट हाताळले तर यातूनही रुग्णाच्या उपयोगाचे काही निघते.

कंत्राटाची गाठ कुठे पडते?

आपल्या देशात किरणोत्सारी कचरा कायमचा सांभाळण्याचे काम अणुऊर्जा विभागाच्या केंद्रांकडे आहे. पण किरणोत्सारी वस्तू वापरणाऱ्या जागा असंख्य आहेत. कॅन्सर रुग्णालये, महाविद्यालये, पाईपलाईनचे जोड तपासणाऱ्या कंपन्या. यांच्याकडचे यंत्र जुने झाले की ते आधी गोदामात पडते. खरा धोका इथे सुरू होतो, कारण गोदामात पडलेल्या वस्तूचा पुढे कोणी वालीच राहत नाही.

म्हणून नियम असा आहे की अशी वस्तू विकत घेतानाच ती वापरून झाल्यावर परत पाठवण्याची हमी लिहून द्यावी लागते. परदेशातून आणली तर पुरवठादाराला परत, नाहीतर नियामक मंडळाच्या परवानगीने अधिकृत केंद्राकडे. खरेदीच्या करारात शेवटच्या वाहतुकीची आणि विल्हेवाटीची जबाबदारी व खर्च लिहिलेला नसेल, तर वीस वर्षांनी तो खर्च कोणीतरी आपल्या शरीराने भरतो.

दिल्लीत हेच घडले. दिल्ली विद्यापीठात कॅनडातून आणलेले कोबाल्टचे एक यंत्र होते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. पंचवीस वर्षे पडून राहिलेले ते यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये इतर भंगारासोबत लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी त्याचे शिशाचे आवरण फोडले. आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एकाने तर त्यातला लहानसा तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली. त्वचा काळी पडणे, केस गळणे, उलट्या. २६ एप्रिलला एका कामगाराचा मृत्यू झाला. विद्यापीठाकडे शास्त्रज्ञ होते, कागद होते, शिक्के होते. जीव मात्र भंगार फोडणाऱ्याचा गेला.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली एका खाजगी दवाखान्याने जागा बदलताना सिझियमचे यंत्र जुन्या जागेतच सोडले. भंगार वेचणाऱ्यांनी ते उचलले. आतली निळी चमकणारी पूड पाहून लोकांनी ती घरी नेली, नातेवाइकांना वाटली. ४ जण दगावले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. मुळात ती पूड शंभर ग्रॅमसुद्धा नव्हती.

श्रीमंत देशांतही कंत्राट फसते. अमेरिकेत हॅनफर्ड येथे अणुबॉम्बच्या काळातला पातळ कचरा जमिनीखालच्या १७७ टाक्यांत साठवलेला आहे. त्यातल्या अनेक टाक्या गळक्या आहेत. कचरा काचेत बसवण्याचे काम १९९८ साली एका ब्रिटिश कंपनीला दिले गेले. दोन वर्षांत खर्चाचा अंदाज दुपटीहून वर गेला आणि २००० साली ते रद्द झाले. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला कंत्राट दिले, तरी पुढची वीस वर्षे त्या कारखान्यात टाक्यांतला कचरा काचेत बसला नाही. यातून कळते ते इतकेच : कंत्राटदार बदलतो, त्याची मुदत संपते, कचरा मात्र जागेवरच असतो. तीनशे वर्षांची राखण पाच वर्षांच्या टेंडरवर सोपवता येत नाही. ती जबाबदारी शेवटी सरकारचीच राहते आणि तिचा जाब विचारणे आपले काम आहे.

कंत्राटी कामगाराने काय मागायचे?

कचऱ्याचे काम या देशात कोणाच्या वाट्याला येते हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या वस्तीतली मुले साफसफाई, हमाली, बांधकाम, वाहतूक अशा कामांवर कंत्राटदारामार्फत जातात. कामाच्या जागी किरणांचा संबंध येत असेल तर २००४ च्या किरणसंरक्षण नियमांनी काही हक्क दिले आहेत. ते माहीत असू द्या.

१. कामगाराला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट याहून जास्त किरण बसता कामा नयेत. सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. माणूस कंत्राटी आहे म्हणून त्याला जास्त किरण घ्यायला लावण्याची मुभा कोणालाही नाही.

२. किरण मोजणारा बिल्ला, ज्याला टीएलडी बॅज म्हणतात, तो स्वतःच्या नावाचा मिळाला पाहिजे. दुसऱ्याचा बिल्ला लावून काम करू नका. आपला बिल्ला काढून ठेवून तर अजिबात करू नका. मोजलेच नाही तर उद्या पुरावा कशाचा दाखवणार?

३. आपल्याला किती किरण बसले याची आणि वैद्यकीय तपासणीची नोंद दरवर्षी, मागू तेव्हा आणि काम सोडताना मिळणे हा हक्क आहे. कंत्राट संपले की हा कागद घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.

४. १८ वर्षांखालील मुलाला अशा कामावर घेता येत नाही. कामगार स्त्रीने आपण गरोदर असल्याचे लवकर सांगावे, म्हणजे तिचे काम बदलणे मालकाला भाग पडते.

भंगार वेचणाऱ्या, विकणाऱ्या घरांसाठी

मंडाळ्याच्या भंगार बाजारावर आणि डम्पिंगवर आपली शेकडो घरे चालतात. त्यांनी दोन खुणा ओळखून ठेवाव्यात. पहिली : पिवळ्या रंगावर पंख्याच्या तीन पात्यांसारखे काळे चिन्ह. दुसरी : लाल त्रिकोणात तेच चिन्ह, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ही दुसरी खूण २००७ पासून वापरात आली, जेणेकरून न वाचता येणाऱ्यालाही 'पळ' हे कळावे.

खूण पुसलेली असू शकते. म्हणून वजनावरही लक्ष ठेवा. आकाराने लहान पण उचलताना हात मोडेल इतका जड, जाड शिशाचा डबा किंवा गोळा आला तर थांबा. शिशाला भाव चांगला येतो हे आम्हाला माहीत आहे. पण तो फोडू नका, कापू नका, वितळवू नका, घरी नेऊ नका. हात लागला असेल तर साबणाने धुवा, वरचे कपडे काढून पिशवीत बांधून बाजूला ठेवा. मुलांना लांब न्या, इतरांना अडवा. ११२ वर पोलिसांना किंवा १९१६ वर महापालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन करा आणि 'किरणोत्सारी वस्तू असावी' असे स्पष्ट सांगा. नंतर कोणाला उलट्या, त्वचेवर भाजल्यासारखे डाग, केस गळणे असे काही झाले तर डॉक्टरांना भंगाराची हकीकत आधी सांगा. मायापुरीत दुखण्याचे मूळ भंगारात आहे हे कळायलाच वेळ गेला होता.

आयोडीन घेऊन आलेल्या माणसाला दूर लोटू नका

थायरॉइडच्या कॅन्सरवर परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आणि इतरही रुग्णालयांत आयोडीन-१३१ देतात. मोठ्या डोसच्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याच्या लघवीचे पाणीही टाक्यांत साठवून, जोर ओसरल्यावर सोडतात. किरणोत्सारी कचऱ्याच्या व्यवस्थेचा हाही एक भाग आहे.

असा रुग्ण घरी आला की शेजारी त्याला टाळतात, सासरी सुनेला वेगळे पाडतात, अशा तक्रारी आमच्याकडे येतात. हे चूक आहे. काळजी फक्त काही दिवसांची असते. डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळे झोपावे, लहान मुलांना मांडीवर घेऊ नये, गरोदर बाईपासून अंतर ठेवावे. ताट-टॉवेल वेगळे ठेवावेत, शौचालयात भरपूर पाणी ओतावे. गरोदर बाईला हा उपचार देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला आधी पाजणे बंद करावे लागते. पुढे दिवस कधी राहू द्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात. शौचालय गल्लीच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. ही गोष्ट लाजून लपवू नका. उपचाराआधीच डॉक्टरांना सांगा, म्हणजे घरी कधी सोडायचे हे ते त्याप्रमाणे ठरवतील. शक्य असेल तर त्या दिवसांपुरती मुलांना मामाकडे, आत्याकडे पाठवा. मुदत संपली की तो माणूस तुमच्या-आमच्यासारखाच. त्याच्या हातचे पाणी प्या. पाण्यावरून माणूस दूर लोटण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

विचारायचे प्रश्न

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, महाविद्यालयात किरणोत्सारी वस्तू असेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने पुढील गोष्टी विचारता येतात. तुमच्याकडे अशा किती वस्तू आहेत? वापरात नसलेल्या किती, आणि कधीपासून पडून आहेत? त्या परत पाठवण्याचा करार कोणाशी आहे? खर्चाची तरतूद आहे का? भंगाराचा लिलाव करण्यापूर्वी कोण तपासतो? सुरक्षेचे कारण सांगून काही उत्तरे नाकारली जातील, पण दवाखान्याच्या गोदामात पडलेल्या जुन्या यंत्राचा हिशेब मागणे हा नागरिकाचा साधा हक्क आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास या विषयासाठी ठेवा. त्या दोन खुणा मोठ्या कागदावर रंगवून लावा. भंगाराचे काम करणाऱ्या घरांना, मग ती कोणत्याही जातीधर्माची असोत, मुद्दाम बोलवा. शिशाचा डबा फोडण्याआधी एक जरी हात थांबला, तरी ती सभा कामी आली असे समजा.