आधी बैठक, मग घास

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांना गिळण्याचा त्रास असतो. घासाचा गोळा करून जीभ तो मागे ढकलते, त्याच क्षणी श्वास थांबून श्वासनलिका झाकली जाते. या मुलांत ही वेळ चुकते आणि अन्न-पाणी फुप्फुसाच्या वाटेला लागते. ठसका लागला तर निदान कळते तरी. अनेकांना तोही लागत नाही. छाती सतत भरलेली, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा, आणि घरातले मात्र त्याला सर्दीची प्रकृती समजत राहतात. या मुलांच्या अकाली मृत्यूंमागे श्वसनाचे आजार हे प्रमुख कारण आहे. थेरपिस्टची भेट आठवड्यातून एखादी, जेवण मात्र रोज तीन-चार वेळा. म्हणून उपचाराची खरी जागा घरातले जेवण हीच आहे, असे मला ठामपणे वाटते.

घरी करायचे म्हणून बहुधा गाल चोळणे, ओठांवर ब्रश फिरवणे असे व्यायाम सांगितले जातात. त्यांनी गिळणे सुधारते असे म्हणण्याइतका पुरावा २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला सापडला नाही. त्याच वर्षी ढाक्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे मुलांना भरवणाऱ्यांना बैठक, अन्नाचा दाटपणा आणि भरवण्याचा वेग शिकवला होता. मुलांच्या छातीच्या तक्रारी कमी झाल्या, भरवणाऱ्यांवरचा ताणही उतरला. गट लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे मूल मांडीवर आडवे घेऊन बोंडल्याने दूध पाजतात. मान मागे कलली की श्वासनलिका उघडी पडते आणि दुधाची धार थांबवणे मुलाच्या हातात राहत नाही. त्याऐवजी पाठीला आणि पायांना आधार, हनुवटी किंचित खाली, चपटा चमचा समोरून, आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. पातळ वरण-भात मऊ दिसतो, पण पाणी आधी घशात धावते आणि शिते तोंडातच राहतात. घोटून एकजीव केलेली खिचडी बहुतेकांना सोपी जाते. तरी दाटपणा ठरवायचा तो मुलाला तपासूनच, कारण फार दाट अन्न काहींच्या घशात साचून राहते.

क्ष-किरणांच्या चलचित्रासारख्या तपासणीशिवाय ठसका न लागता होणारी मूक गळती दिसत नाही, मग घरी धोका का पत्करायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण मूल घरी जेवतेच. प्रश्न इतकाच की भरवणाऱ्याला काही माहीत असावे की नाही. तपासणी आधी हवीच. घोटानंतर आवाज घोगरा, ओलसर येणे, वारंवार ताप, वजन न वाढणे, जेवण अर्ध्या तासापलीकडे रेंगाळणे, यांपैकी काहीही दिसले तर पुन्हा तज्ज्ञाकडे जावे. कधी पोटात नळी बसवावी लागते, तो आईचा पराभव नव्हे. याहून जड आक्षेप दुसरा आहे: सारा भार आईवरच पडतो. हा आक्षेप खोडता येत नाही, पण भार वाटता येतो. प्रशिक्षणाला बाबा आणि आजी यांनाही बोलवावे, अंगणवाडी सेविकेला धोक्याच्या खुणा शिकवाव्यात, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या थेरपिस्टने मुलाला त्याच्या घरात, त्याच्याच ताटातले जेवताना एकदा तरी पाहावे.