पडण्याची विद्या

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे गाव हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात येथील बाजारात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. हळद स्वयंपाकघरात लागते, देवघरात लागते, हे आपण जाणतोच. परंतु तिला मानाचे आणखी एक स्थान आहे. ते म्हणजे कुस्तीचा आखाडा.

आखाड्यातील माती साधी नसते. तांबडी माती चाळून तिच्यातील खडे वेचून काढतात. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असे पदार्थ मिसळतात. तेला-ताकाने माती मऊ राहते आणि अंग खरचटले तर हळद गुणकारी ठरते, असा जुन्या मल्लांचा अनुभव आहे. ही माती वरचेवर खणून भुसभुशीत करावी लागते. हा सारा खटाटोप कशासाठी? पडणाऱ्याला इजा होऊ नये, यासाठी. कुस्तीच्या शिक्षणाचा आरंभ असा पडणाऱ्याच्या काळजीतून होतो.

कुस्ती शिकवणाऱ्या गुरूला वस्ताद म्हणतात. नवा मुलगा तालमीत येतो, तेव्हा कोणाला तरी उचलून आपटावे, अशी त्याला घाई झालेली असते. चांगला वस्ताद ही घाई चालू देत नाही. तो मुलाच्या हाती प्रथम फावडे देतो. माती खणताना खांदे, कंबर आणि मनगटे बळकट होतात. शिवाय मातीत चुकून राहिलेला खडाही दृष्टीस पडतो. त्यानंतर जोर आणि बैठका काढून अंग तापवायचे. मानेचा व्यायाम तर कधीही चुकवायचा नाही, कारण कुस्तीत मानेवर मोठा ताण येतो.

मग येतो पडण्याचा धडा. तोल गेला की हात पुढे टेकावा, ही माणसाची सहज प्रवृत्ती असते. पण सारा भार ताठ हातावर आला, तर मनगट किंवा कोपर दुखावते. म्हणून हनुवटी छातीशी घ्यावी, पाठ गोल करावी आणि अंग लोळवत न्यावे, हे मुलांकडून पुनःपुन्हा करून घ्यावे लागते.

जपानमधील ज्यूदो या कुस्तीप्रकारातही हाच क्रम आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्यो येथे कोदोकान नावाची ज्यूदोची शाळा स्थापन केली. ज्यूदोत पडण्याच्या कलेला उकेमी म्हणतात. पडताना हात सपाट ठेवून गादीवर थाप मारतात. त्यामुळे आघात एकाच जागी न बसता विभागला जातो. पकड असह्य झाली, तरीही थाप मारतात. ती ऐकताच पकड सोडलीच पाहिजे. आपल्याबरोबर जोडीदाराचेही कल्याण साधावे, असे कानो यांचे सांगणे होते.

पडणे साधले की डाव शिकवायचे. नवा डाव अंग तापल्यावर, पण थकण्यापूर्वी शिकवावा. कारण थकलेल्या शरीराकडून चुका होतात. एका दिवशी एकच डाव पुरे. तो प्रथम सावकाश करावा, मग जोडीदाराने थोडा विरोध करावा आणि शेवटी लहानशी लढत व्हावी. जोड लावताना वय, वजन आणि तयारी ही तिन्ही पाहावी लागतात.

असे क्रमाने शिकणे मोठ्या मल्लांनाही चुकत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढले. त्यांचे वडील दादासाहेब हेच त्यांचे पहिले गुरू. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले. तेथील कुस्तीची त्यांना सवय नव्हती, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पुढची चार वर्षे त्यांनी नेटाने सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

जत्रेच्या फडात टाळ्या मिळतात त्या पाडणाऱ्याला. वस्तादाचे लक्ष मात्र खाली पडलेल्या मुलाकडे असते. तो अंगावरची माती झटकून उठला आणि जोडीदाराचा हात हाती घेऊन हसला, म्हणजे त्या दिवसाचा पाठ पुरा झाला.