काळ्या पाषाणाच्या मुलखातले शाळिग्राम

बुलढाणा जिल्ह्यात प्राचीन समुद्राच्या खुणा शोधाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण येथे खारे पाणी दोन ठिकाणी भेटते: लोणारच्या विवरात आणि पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. परंतु लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या पाषाणात, अशनीच्या आघाताने पडले आहे. तेथील पाण्याला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे पाण्याची वाफ होत गेली आणि क्षार मागे साचत राहिले. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीही नदीने वाहून आणलेल्या गाळात खणलेल्या आहेत. दोन्हीकडच्या खारटपणाचा उगम समुद्रात नाही.

तरीही याच जिल्ह्यातल्या देवघरांत समुद्री प्राण्यांचे जीवाश्म पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत, आणि त्यांचे नाव शाळिग्राम. ताम्हनात अभिषेक चालू असताना ओला झालेला हा गुळगुळीत काळा गोटा निरखून पाहिला, तर त्याच्या मुखातून आत वळत गेलेले चक्र दिसते आणि त्या चक्रावर बरगड्यांसारख्या बारीक उंचवट्यांची ओळ असते. हे चक्र म्हणजे ॲमोनाइटच्या शंखाचा ठसा होय. ॲमोनाइट हा माकूळ आणि अष्टपाद यांच्या कुळातला, कप्प्याकप्प्यांच्या गुंडाळलेल्या शंखात राहणारा समुद्रचर होता.

शाळिग्राम येतात ते नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे टेथिस नावाचा समुद्र होता आणि सुमारे 16 ते 13 कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाशी काळा चिखल साचत होता. मेलेल्या प्राण्याचा शंख त्या चिखलात रुतला की त्याच्याभोवती खनिजे जमून घट्ट गोळा तयार होई. पुढे चिखलाचा ठिसूळ शेल खडक झाला, तो हिमालयाबरोबर वर उचलला गेला, आणि नदीने तो झिजवला तेव्हा आतले कठीण गोळे सुटून पात्रात घरंगळू लागले. या थरांना भूवैज्ञानिक स्पिती शेल म्हणतात, आणि त्यांतील जीवसृष्टीचे सविस्तर वर्णन ऊलिग या शास्त्रज्ञाने 1903 ते 1910 या काळात प्रसिद्ध केले. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून आत चक्र कोरतो, असे परंपरा सांगते. त्या चक्राचा संबंध एका जिवाशी आहे हे त्या कथेने ओळखले होते, ही गोष्ट मोलाची आहे.

बुलढाण्याच्या संदर्भात याहून विलक्षण आहे तो काळाचा योग. ॲमोनाइटांचा वंश 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच, संपला. आणि जिल्ह्याचा बहुतेक भाग ज्या दक्खनच्या लाव्ह्याने बनला आहे, तो लाव्हा त्याच सुमारास उसळत होता. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या शांत काळात तळी साचत. अशा तळ्यांच्या गाळातून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूर परिसरात जीवाश्म गोळा केले, पण त्यांतल्या गोगलगायी गोड्या पाण्याच्या होत्या. मात्र छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे, लाव्ह्यांमधल्या अशाच थरात, फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म, समुद्रात तरंगणारे कवचधारी जीव आढळले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनाने समुद्राचा एखादा फाटा देशाच्या मध्यापर्यंत पोहोचला असावा, असा अर्थ लावला. त्याहूनही आधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, आणि धार जिल्ह्यातील बाघच्या चुनखडकात त्याचे ॲमोनाइट व समुद्री साळी आजही सापडतात.

देवघरातल्या शाळिग्रामांच्या संग्रहाचे नियमही परंपरेने घालून दिले आहेत. शाळिग्राम सम संख्येत पुजावेत, पण दोन नसावेत; विषम संख्या टाळावी, पण एकटा चालतो. पंचायतनात विष्णूसाठी शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतला बाण, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा खडा ठेवतात. काही घरांत शेजारी द्वारकेचा चक्रांकित असतो, आणि तोही समुद्राचाच, प्रवाळाचा जीवाश्म. बाजारात आता चक्र कोरलेले बनावट गोटेही येतात. अस्सल शंखावरच्या बरगड्या मध्याकडे बारीक होत जातात आणि बाहेरच्या कडेला पुष्कळदा दुभंगतात. हत्याराने ओढलेल्या रेघेची खोली मात्र सगळीकडे सारखी असते. जीवाश्माचे शास्त्रीय मोल तो कुठल्या थरातून आला यावर ठरते, आणि नदीत लोळलेल्या गोट्याची ती ओळख हरवलेली असते. म्हणून तो कोणत्या यात्रेत, कोणी, कधी आणला, एवढे तरी घरातल्या जाणत्या माणसांकडून लिहून ठेवणे अगत्याचे आहे. तो फोडून पाहण्याची मात्र काहीच गरज नाही.

कार्तिकात उसाच्या मांडवाखाली तुळशीचे लग्न लागते, तेव्हा जुन्या वाड्यातले वृंदावन बहुधा इथल्याच काळ्या पाषाणाचे असते, आणि अंतरपाटापलीकडचा शाळिग्राम नवरदेव त्या पाषाणाहून किमान सहा कोटी वर्षांनी वडील असतो.