क्योतोचं वार्तापत्र : चिखलाचा गोळा आणि तराजू

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी जमीन राखली गेली, तेव्हापासून पारनेर तालुक्यातले परिचित मला जपानी यंत्रांविषयी विचारतात. यंत्रांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी इथल्या लहान मुलांच्या वर्गांबद्दल लिहितो, कारण पदार्थ हाताळायची सवय तिथेच लागते.

जपानमध्ये पहिली-दुसरीला विज्ञान हा विषयच नाही. 1992 पासून विज्ञान आणि समाजशास्त्र या दोन्हींच्या जागी ‘सेइकात्सु’, म्हणजे रोजचं जगणं, हा एकच विषय आला. मुलं रोपं लावतात, वाळूत आणि पाण्यात खेळतात. बालवाडीत तर चिखलाचे चकचकीत गोळे करण्याचं वेडच आहे. ओला चिखल दाबून पाणी काढायचं, वर कोरडी बारीक माती पुन्हा पुन्हा भुरभुरायची, मग गोळा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून आतला ओलावा पृष्ठभागावर येऊ द्यायचा आणि शेवटी घासत राहायचं. क्योतो शिक्षण विद्यापीठातले बालमानसशास्त्रज्ञ कायो फुमिओ यांनी या खेळाचा गंभीरपणे अभ्यास केला. मातीत पाणी किती हवं, ते किती वेळानं सुकतं, तडा कधी जातो, हे पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना कळलेलं असतं. स्थायू आणि द्रव ही नावं त्याला अजून कुणी सांगितलेली नसतात.

विज्ञान सुरू होतं तिसरीत. तिथला एक धडा वजनाचा आहे : मातीचा गोळा चपटा केला, त्याचे तुकडे केले, तर वजन बदलेल का? मुलं तराजूवर ठेवून पाहतात. याच प्रश्नावर इताकुरा कियोनोबु यांनी 1963 मध्ये मांडलेली अध्यापनपद्धत मला फार मोलाची वाटते. वजनकाट्यावर दोन पायांवर उभं राहिलं, एका पायावर राहिलं, उकिडवं बसलं, तर वजन कधी जास्त भरेल? आधी प्रत्येकानं पर्याय निवडायचा. मग वाद घालायचा. पटलं तर मत बदलायचं. उत्तर शिक्षक देत नाहीत, प्रयोग देतो. एकट्यानं वेगळं मत धरलेलं मूल बरोबर ठरतं, तेव्हा वर्गाला जे कळतं ते कुठल्याही व्याख्येत नाही.

चौथीत तापवलेला धातूचा गोळा कड्यातून जात नाही, हे दाखवतात. पाचवीत मीठ आणि तुरटी पाण्यात विरघळवतात. पाणी तापवलं तरी मीठ फारसं जास्त विरघळत नाही, तुरटी मात्र खूप विरघळते, आणि पाणी थंड झालं की तिचे स्फटिक तळाशी जमतात. विरघळलेला पदार्थ दिसत नाही, तरी वजनात तो पुरेपूर असतो.

हे सगळं आदर्श आहे असं नाही. पुढच्या इयत्तांमध्ये प्रवेशपरीक्षा आणि ‘जुकू’ नावाच्या शिकवण्या मुलांचा वेळ गिळतात. तरी पहिली काही वर्षं हातांना मिळालेली असतात.

सुप्यातही तुरटी घरोघरी आहे, गूळ आहे, कुंभाराची माती आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार ती तापवून फुगवतो आणि पाणी ओतून आवळतो. चौथीचा तो धडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याकडेला होत आला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं, तेव्हा साधनं परिसरातूनच घेतली होती. म्हणून महागडं विज्ञानपेटीचं साहित्य मागवण्याआधी प्रत्येक वर्गात एक दोन पारड्यांचा तराजू यावा, आणि धाव बसवणारा लोहार अजून कामाला असेल तर मुलांना त्याच्याकडे न्यावं. धाव थंड झाल्यावर सैल होईल, घट्ट बसेल की तशीच राहील, हे मात्र पाणी ओतण्यापूर्वी मुलांना विचारावं.