आदिवासी अलंकार आणि ते घडविणारे हात : शहापूर-मुरबाड परिसर व झुनी परंपरा यांचा तुलनात्मक विचार

सारांश : ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांतील स्त्रियांचे अलंकार हे सौंदर्याबरोबरच बचत, नाते व ओळख यांचे साधन राहिले आहेत. अमेरिकेतील झुनी समाजाच्या अलंकार परंपरेच्या पार्श्वभूमीवर या अलंकारांचा व ते घडविणाऱ्या कारागिरांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : आदिवासी अलंकार, मणीकाम, चांदी, सोनार, झुनी, भौगोलिक उपदर्शन.

प्रस्तावना :

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खर्डीच्या पुढे उंबरमाळी हे छोटे स्थानक लागते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश तानसा, वैतरणा व भातसा या जलाशयांमुळे महानगरास परिचित आहे. मात्र या जलाशयांच्या काठच्या पाड्यांवर राहणाऱ्या माणसांची कला तितकीशी परिचित नाही. शहापूर तालुका पूर्णतः व मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी कलेचा विषय निघाला की ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या संदर्भात वारली चित्रकलेचेच नाव प्रथम घेतले जाते. भिंतीवरील चित्रास जगभर मान्यता मिळाली, परंतु चित्र काढणाऱ्या हातातील वाळ्याकडे व गळ्यातील माळेकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे.

उद्दिष्टे :

१) शहापूर-मुरबाड परिसरातील पारंपरिक आदिवासी अलंकारांचे स्वरूप व कार्य स्पष्ट करणे.
२) अलंकार घडविणारे व वापरणारे यांच्यातील संबंधांचा विचार करणे.
३) झुनी परंपरेच्या अनुभवातून या परिसरासाठी काही बोध घेता येतो का, हे तपासणे.

अलंकारांचे स्वरूप :

या परिसरातील अलंकारांचे सामग्रीनुसार स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग मण्यांचा, दुसरा धातूचा व तिसरा गोंदणाचा होय.

ठाकूर स्त्रीची ओळख तिच्या गळ्यातील मण्यांच्या अनेक सरांनी होत असे. एकोणिसाव्या शतकात व्हेनिस व बोहेमिया येथील काचेचे मणी मुंबई बंदरात उतरत आणि व्यापाऱ्यांच्या हस्ते आठवडे बाजारांपर्यंत पोहोचत. पुढे उत्तर प्रदेशातील पुर्दिलपूरसारख्या केंद्रांतील देशी मणी बाजारात आले. मणी परगावचा असला तरी माळ परगावची नव्हती. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग घ्यावयाचा, किती सर एकत्र बांधावयाचे, गाठ कोठे द्यावयाची हे सर्व ओवणाऱ्या स्त्रीचे ज्ञान होते. आईजवळ बसून मुलगी ते शिकत असे. विवाहित स्त्रीच्या गळ्यातील काळ्या पोतीस सौभाग्यचिन्हाचा मान असल्याने तिचे स्थान इतर माळांहून वेगळे राहिले.

धातूच्या अलंकारांत वाळे, तोडे, वाकी, जोडवी, गळ्यातील सरी, कानातील बाळ्या यांचा समावेश होतो. ऐपतीप्रमाणे चांदी, पितळ किंवा हलका पांढरा धातू वापरला जाई. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने विकला जाणारा धातू तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदीचा अंशही नसतो, ही बाब येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

गोंदण हा तिसरा वर्ग. गोंदण विकता येत नाही, गहाण पडत नाही आणि मरणानंतरही सोबत येते, अशी श्रद्धा ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. ज्या समाजाचे इतर सर्व अलंकार केव्हाही हातचे जाऊ शकत होते, त्या समाजाने या श्रद्धेस इतके महत्त्व द्यावे, हे समजण्यासारखे आहे.

अलंकार : गळ्यातील बचत :

नाण्यांची माळ हे अलंकार व बचत यांच्या एकरूपतेचे उत्तम उदाहरण होय. ब्रिटिश अमलातील चांदीच्या पावलीचे वजन सुमारे २.९२ ग्रॅम असून तिच्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. अशा चाळीस पावल्यांची माळ म्हणजे सुमारे ११७ ग्रॅम वजन व त्यात १०७ ग्रॅम शुद्ध चांदी. सरकारी छाप असल्याने कस तपासण्यासाठी कोणाकडे जावे लागत नसे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीसही नाणी मोजून आपली पुंजी कळत असे. १९४० नंतरच्या पावल्यांत चांदीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले आणि १९४६ पासून पावली निकेलची झाली. वरून सारख्याच दिसणाऱ्या माळेचे मोल अशा रीतीने कमी होत गेले.

ही बचत संकटकाळी उपयोगी पडत असली तरी ती सुरक्षित नव्हती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सायमिंग्टन यांनी मुंबई प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीविषयी सरकारला अहवाल सादर केला. ठाणे जिल्ह्यातील कर्जबाजारीपणा, वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पत्करावी लागणारी गुलामी यांचे चित्र त्यात आढळते. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की अंगावरील चांदी सावकाराकडे जाई. वेळेवर न सुटलेला दागिना मोडीत निघे व मुशीत वितळे. जुने नमुने आज पाड्यांवर क्वचितच आढळतात याचे एक प्रमुख कारण हेच असावे. ज्या समाजाकडे दागिना टिकवून ठेवण्याइतके स्थैर्य नव्हते, त्याच्या कारागिरीचा पुरावाही त्याच्याजवळ उरला नाही.

घडविणारा आणि लेणारा :

धातूचा दागिना आदिवासी स्त्री लेत असे, परंतु तो घडवीत असे बाजारगावचा सोनार. बागेसरीतील निखारे, फुंकणी, मूस, ऐरण, हातोडी, चिमटा, ठसे व तार ओढण्याची छिद्रांची पट्टी एवढ्या साहित्यावर तो काम करी. चांदी वितळवून कांब ओतणे, ठोकून ती लांबविणे, छिद्रांतून ओढून तार बारीक करणे, सवागी लावून जोड झाळणे आणि शेवटी दागिना उजळणे असे या कामाचे टप्पे होत. वाळा किती जाड असावा, जोडव्यावर कोणती नक्षी असावी हे मात्र लेणाऱ्या समाजाची रीत ठरवी. त्यामुळे हा दागिना दोन ज्ञानांच्या संयोगातून निर्माण होत होता : रीत आदिवासींची व हात सोनाराचा. या व्यवहारात मजुरी, तूट व कस या तिन्ही गोष्टी घडविणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून असल्याने गिऱ्हाईकाची बाजू दुबळी राहत असे.

पुढे यंत्रावर घडलेला तयार माल बाजारात येऊ लागला. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या केंद्रांतून पैंजण व जोडवी दूरवर जातात. तयार माल स्वस्त व सुबक असल्याने गावच्या सोनाराकडे मागणीप्रमाणे वाळे घडवून घेण्याची गरज कमी झाली. रोजगारासाठी वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना जड दागिने सोबत नेणेही शक्य नसते. परिणामी प्लॅस्टिकचे मणी व मुलामा दिलेले दागिने यांचा प्रसार झाला.

झुनी परंपरा :

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम भागात झुनी समाजाची वस्ती आहे. पिरोजा व शिंपले घासून मणी व लोलक करण्याची कला तेथे धातूकामाहून कितीतरी जुनी आहे. १८७२ च्या सुमारास आत्सिदी चोन या नाव्हाहो कारागिराने लान्यादे या झुनी कारागिरास चांदीकाम शिकविले, असे मानले जाते. १८९० च्या सुमारास चांदीत पिरोजा बसविण्यास तेथे प्रारंभ झाला. म्हणजे ज्या कलेस आज झुनी परंपरा म्हणून ओळखले जाते, तिचा चांदीचा भाग अवघा दीडशे वर्षांचा व शेजाऱ्यांकडून शिकलेला आहे. परंतु दगड कापण्याचे जुने कौशल्य त्यात मिसळल्याने ती कला सर्वस्वी त्यांची झाली.

झुनी कारागिरीत दगडास प्राधान्य असते. पिरोजा, पोवळे, काळा जेट व शिंपले यांचे तुकडे एकमेकांस घट्ट भिडवून आकृती साधणे, चांदीच्या बारीक भिंतींमधील खणांत दगड बसविणे, तसेच सुईसारखे निमुळते असंख्य खडे स्वतंत्र कोंदणात रचणे या त्यांच्या प्रमुख पद्धती होत. काम घरातच चालते. अनेकदा पती-पत्नी मिळून दगड व चांदी यांचे काम वाटून घेतात आणि मुले पाहता पाहता शिकतात.

लोहमार्ग आल्यानंतर पर्यटकांची मागणी वाढली. सी. जी. वॉलेस यांच्यासारखे व्यापारी कच्चा माल पुरवीत व तयार दागिने विकत घेत. या व्यापाराने कलेस उत्तेजन दिले, पण कारागिरास व्यापाऱ्यावर अवलंबूनही ठेवले. कला प्रसिद्ध होताच नकलाही वाढल्या. १९९० च्या कायद्याने आदिवासींनी न बनविलेली वस्तू आदिवासी कारागिरी म्हणून विकणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यासही व्यक्तीस पाच वर्षांपर्यंत कैद व अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही फिलिपाइन्समध्ये बनविलेले दागिने अस्सल म्हणून विकल्याच्या प्रकरणात २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत छापे घालावे लागले. केवळ कायद्याने कला वाचत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

तुलना व चर्चा :

दोन्ही प्रदेशांत कच्चा माल बाहेरून आला, व्यापारी मध्यस्थ होता आणि अलंकार हीच कुटुंबाची पुंजी होती. फरक इतकाच, परंतु महत्त्वाचा, की झुनी समाजाने धातूकाम स्वतःच्या हाती घेतले. शहापूर-मुरबाडमध्ये ते सोनाराकडे राहिले आणि आदिवासी स्त्रीच्या हाती मणीकाम उरले. झुनी कारागीर दागिन्यावर स्वतःची खूण उमटवू लागला. येथील माळ ओवणारी मात्र अनामिक राहिली. तिच्या कामास कला न म्हणता ‘फावल्या वेळचे काम’ म्हटले गेले.

भारतात भौगोलिक उपदर्शनांचा कायदा १९९९ साली संमत झाला व २००३ मध्ये अमलात आला. वारली चित्रकलेस २०१४ साली त्याखाली संरक्षण मिळाले. मणीकामासाठी हा मार्ग विचारात घेता येईल. परंतु नोंदणीपूर्वी कोणते नमुने कोणत्या समाजाचे, त्यांची नावे काय व ते कसे ओवले जातात, याचे दस्तऐवजीकरण व्हावे लागेल. चांदीच्या दागिन्यांसाठी २००५ पासून हॉलमार्कची सोय आहे. तिची माहिती पाड्यांवर पोहोचल्यास कसाबाबतची फसवणूक टळू शकेल. विक्रीच्या बाबतीत शहापूर येथील वनधन केंद्राचे उदाहरण बोलके आहे. कातकरी तरुणांनी संघटितपणे गुळवेलीची विक्री करून मध्यस्थावरील अवलंबित्व कमी करता येते, हे दाखवून दिले.

निष्कर्ष :

१) शहापूर-मुरबाड परिसरातील आदिवासी अलंकार हे सौंदर्य, बचत व सामाजिक ओळख या तिन्हींचे वाहक होते.
२) धातूच्या अलंकारांत घडविणारा व लेणारा भिन्न समाजांतील असल्याने आर्थिक लाभ व श्रेय आदिवासी स्त्रीपर्यंत पोहोचले नाही. मणीकाम मात्र पूर्णपणे तिचेच आहे.
३) कर्जबाजारीपणामुळे जुने दागिने मोडीत गेले, म्हणून उरलेल्या नमुन्यांची नोंद तातडीने होणे आवश्यक आहे.
४) कारागिराचे नाव, घरातील शिक्षण व विक्रीवरील ताबा या तीन गोष्टींचे महत्त्व झुनी अनुभवातून दिसून येते.

समारोप :

मोडीत गेलेली चांदी परत मिळणार नाही. परंतु माळ ओवण्याचे ज्ञान अद्याप काही वृद्ध स्त्रियांच्या बोटांत आहे. ते त्यांच्या नावासह नोंदविले गेले व पुढील पिढीस त्यातून मोबदला मिळू लागला, तर ही परंपरा संग्रहालयाच्या कपाटात न जाता पाड्यावरच टिकून राहील.